कावीळ आठवते, पण भिंतीकडे तोंड करून पडलेले ते महिने का आठवत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझ्या १९ वर्षांच्या मुलीवर नैराश्यासाठी उपचार सुरू झालेत. घरात पूर्वी कुणाला मानसिक त्रास होता का, असं डॉक्टरांनी विचारलं. माझी आई, वय ६८, ठामपणे म्हणाली, 'आमच्यात असलं कधी कुणाला नव्हतं.' पण मी तिसरीत असताना आई कित्येक महिने भिंतीकडे तोंड करून पडून असायची आणि मावशी येऊन स्वयंपाक करायची, हे मला लख्ख आठवतं. त्याच वर्षी तिला कावीळ झाली होती, ती मात्र तिला पथ्यासकट पाठ आहे. आई खोटं बोलतेय का? की माझंच काही चुकतंय?"

आई बहुधा खोटं बोलत नाही. तुम्ही जे पाहिलंत तेही बहुधा घडलेलंच आहे. फक्त ते नेमकं काय होतं, हे तुमच्या आठवणीवरून ठरवता येणार नाही, कारण ती आठवण तिसरीतल्या मुलीची आहे. मी सव्वीस वर्षं मानसोपचाराची ओपीडी चालवतोय, कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी. "पूर्वी कधी असा त्रास झाला होता का?" हा प्रश्न दिवसातून वीस-पंचवीस वेळा तरी विचारतो. त्याचं "नाही" हे उत्तर मी केसपेपरवर लिहून घेतो. त्यावर विश्वास ठेवणं मात्र केव्हाच सोडलंय.

आधी काविळीचं बघू, कारण सगळं कोडं तिथेच उलगडतं. आमच्याकडे पेशंट काविळीचा इतिहास सांगायला लागला की थांबवावं लागतं. डोळे पिवळे झाले होते, लघवी पिवळी होत होती, अमक्या गावच्या माणसाने मुळी दिली, तेल-तिखट बंद, हळद बंद, उसाचा रस आणि चुरमुरे-फुटाणे, सव्वा महिना. रंग आहे, नाव आहे, औषध देणारा आहे, पथ्य आहे आणि "उतरली" असा एक शेवटही आहे. शिवाय भेटायला माणसं येतात. शहाळं घेऊन येतात, खुर्ची ओढून बसतात आणि विचारतात, "कसं काय झालं हो?" मग आजारी माणूस पहिल्यापासून सगळं सांगतो. पुढच्या पाहुण्याला पुन्हा सांगतो. पंधरा वेळा सांगून झाल्यावर ती गोष्ट घोटून घोटून पक्की होते.

आता १९८८-८९ च्या सुमाराला एखाद्या तिशीतल्या बाईचं मन पार बसलंय, अशी कल्पना करा. सुरुवात कुठल्या दिवशी झाली ते सांगता येत नाही. नाव कुणी दिलेलं नाही. शहाळं घेऊन कुणी येत नाही. आलंच तर दाराशी मावशीला हळू आवाजात विचारून परत जातं. खुद्द त्या बाईला "तुला काय होतंय?" असं कुणी विचारत नाही, विचारतात ते "किती दिवस असं पडून राहणार?" त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून ती देत नाही. बरं वाटू लागतं तेही नकळत, एक दिवस उठून भाकऱ्या थापायला लागते. घरातली माणसं सुटलो म्हणतात आणि तो विषय पुन्हा निघत नाही. जी गोष्ट एकदाही कुणाला सांगितली नाही, ती पस्तीस वर्षांनी सांगता येईल कशी?

हा नुसता माझा ओपीडीतला अंदाज नाही. अमेरिकेत बाल्टिमोर शहरात १९८१ मध्ये साडेतीन हजारांच्या आसपास लोकांच्या मुलाखती घेऊन एक अभ्यास सुरू झाला. त्याच लोकांना १९८२ मध्ये, मग १९९३ ते ९६ दरम्यान आणि शेवटी २००४-०५ मध्ये पुन्हा गाठलं. चोवीस वर्षांनी १,०७१ जण हाती लागले. त्यांना शेवटच्या वेळी "आयुष्यात कधी" असा त्रास झाला होता का, हे विचारलं आणि ते उत्तर त्यांच्याच आधीच्या मुलाखतींशी ताडून पाहिलं. निष्कर्ष २०१४ मध्ये छापून आले. तीव्र नैराश्य आयुष्यात कधीतरी होतं असं शेवटच्या मुलाखतीत ४.५ टक्क्यांनी सांगितलं. चारही मुलाखती एकत्र धरल्या तर ते प्रमाण १३.१ टक्के होतं. दारूच्या आजाराचं ९.१ टक्के, प्रत्यक्षात नोंदलेलं २५.९. आता मधुमेह बघा: आठवणीतून १८.२, नोंदींतून २०.२. रक्तदाब ४८.४ आणि ५५.४. संधिवात ४५.८ आणि ५४. शरीराच्या आजारातही गळती आहेच, पण ती वाटीतून थेंब सांडल्यासारखी. मनाच्या आजारात वाटीच उपडी झालेली दिसते.

इथे एक शंका घ्यायलाच हवी. चार वेळा विचारलं म्हणजे चुकून "हो" नोंदलं जाण्याच्या संधीही चार. एखाद्याला त्या आठवड्यात साधं दुःख झालेलं असेल आणि प्रश्नावलीने ते नैराश्य म्हणून टिपलं असेल. त्यामुळे १३.१ ही अगदी अचूक संख्या, असं मी म्हणणार नाही. पण न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनचा अभ्यासही हेच सांगतो. तिथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा माग आजतागायत काढला जातोय. ठरावीक वर्षांनी बोलावून विचारलं, तर वयाच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंत सुमारे ४१ टक्के जणांना कधी ना कधी नैराश्याचा झटका येऊन गेलेला आढळला. एकदाच भेटून "आयुष्यात कधी" विचारणाऱ्या सर्वेक्षणांत येणारा आकडा याच्या निम्म्याच्या आसपास असतो.

आपल्याकडचाच आकडा घ्या. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं (त्यात महाराष्ट्र नव्हता). त्यात सध्या नैराश्य असलेले प्रौढ २.७ टक्के आणि आयुष्यात कधीतरी झालेले ५.२ टक्के निघाले. नैराश्य हा येतो-जातो असा आजार. आज शंभरात जवळपास तीन जणांना आहे आणि आजवरच्या सगळ्या वर्षांत मिळून जेमतेम पाच जणांना झाला, हे गणित मला पहिल्यापासून पटलेलं नाही. बाकीचे कुठे गेले? माझ्या मते ते "अशक्तपणा" नावाच्या कप्प्यात जाऊन बसलेत.

त्या कप्प्याची एक गोष्ट सांगतो. माणूस ओळखू येऊ नये म्हणून एक-दोन तपशील बदललेत. साठीतला शेतकरी, झोप नाही, भूक नाही, सकाळी चारला डोळा उघडतो आणि छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं. पूर्वी कधी? "नाही साहेब, पहिल्यांदाच." सोबत बायको आणि एका कपड्याच्या दुकानाची कॅरीबॅग. आमच्याकडे कॅरीबॅग म्हणजे घराचं मेडिकल रेकॉर्ड. मी ती नेहमी टेबलावर रिकामी करायला लावतो. निघालं काय, तर सोनोग्राफी, शुगरचे रिपोर्ट, एक ईसीजी जो आता कोरा कागद झालेला (ईसीजीचा तो गुळगुळीत कागद उष्णतेवर छापला जातो, काही वर्षांत पुसट होतो, म्हणजे कागदालाही विसर पडतो), अर्धी फोडलेली गोळ्यांची पाकिटं आणि तळाशी घडीवर फाटलेला एक पिवळा केसपेपर. १९९८ सालचा. त्यावर इमिप्रामीन, सकाळी एक, रात्री दोन आणि चार महिने ओळीने तारखा.

"हे काय हो?"
"ती होय, ती अशक्तपणाची. तेव्हा नऊ किलो वजन उतरलं होतं. सलाईन पण लावल्या."

इमिप्रामीन अशक्तपणावर देत नाहीत, ते नैराश्याचं जुनं औषध. पण मी ते बोललो नाही. बायको म्हणाली, "तेव्हा हे विहिरीच्या काठावर जाऊन बसायचे. मी थोरल्याला मागं धाडायची." ते गप्प झाले. मग म्हणाले, "बैल विकले तेव्हाचं म्हणतीस का?" आणि पुढची दहा मिनिटं तेच बोलत होते. कुणी बैल नेले, दावणीकडे बघवायचं नाही, रात्री उठून गोठ्यात जायचे, जीव द्यावा असं वाटायचं. एकही गोष्ट विसरले नव्हते. ती सगळी "आजार" या नावाखाली नव्हती, "बैल विकले" या नावाखाली होती. मी आजाराच्या नावाने हाक मारत होतो, म्हणून ओ मिळत नव्हती.

मला तुम्हाला मुख्यतः हेच सांगायचंय. तुमच्या आईकडेही ते महिने असणार. ते तिने कुठल्या नावाने ठेवलेत ते आपल्याला माहीत नाही, इतकंच. "भाड्याच्या घरात होतो तेव्हा", "तुझ्या बाबांची बदली झाली तेव्हा", "ते मूल राहिलं नाही तेव्हा" असं काहीही असू शकतं.

आता तुमच्या आठवणीची बाजू. तुमची मुलगी आजारी आहे आणि आपण अशा वेळी कारण शोधत असतो. जन्मतः व्यंग असलेल्या बाळाच्या आईला गरोदरपणातली प्रत्येक गोळी, प्रत्येक ताप आठवतो. धडधाकट बाळाच्या आईला त्यातलं काही आठवत नाही, कारण तिने कधी मागे वळून शोधलेलंच नसतं. साथरोगशास्त्राचा अभ्यास करणाऱ्यांना हा दोष चांगला ठाऊक आहे. ज्यांना स्वतःला नैराश्य येऊन गेलंय ते नातेवाइकांतही ते जास्त पाहतात, हेही अभ्यासांत दिसलंय. त्यातलं थोडं जास्त ओळखणं असतं, थोडं जास्त शोधणं. "लख्ख आठवतं" याला तर मी काडीचं महत्त्व देत नाही. १९८६ च्या जानेवारीत चॅलेंजर हे अंतराळयान फुटलं. त्याच्या दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून "तुम्हाला ही बातमी कुठे, कशी कळली" हे लिहून घेतलं होतं. अडीच-तीन वर्षांनी पुन्हा विचारलं तेव्हा अनेकांनी भलतंच सांगितलं, आणि तेही छातीठोकपणे. स्वतःच्या अक्षरातला कागद दाखवला तरी काहींना तो पटेना.

तुमच्या बाबतीत आणखी एक शक्यता आहे, आणि डॉक्टर म्हणून ती मला आधी तपासावी लागेल. कावीळ उतरल्यावर काही जणांना आठवडे, कधी महिने गळून गेल्यासारखं वाटतं. आई त्या थकव्याने पडून असेल. तिसरीतल्या मुलीला थकवा आणि उदासी यांतला फरक कळत नाही, तिला फक्त पाठ दिसते. दुसरं, त्या सुमाराला तुमच्या धाकट्या भावंडाचा जन्म झाला होता का? बाळंतपणानंतरचं नैराश्य आपल्या घरांत "सूतिकेत वारं लागलं" किंवा "दूध आटलं, अंगात ताकद नव्हती" असं नाव घेऊन वावरतं. तिसरं, मावशी किती दिवस होती? तुमच्या मनात "कित्येक महिने" आहे. लहानपणीचं महिन्याचं माप फार लांब असतं. मावशीला विचारा, तिची स्वतःची पोरं तेव्हा कुठे होती. पोरांना मे महिन्याच्या सुट्टीत घेऊन आली असेल तर मुक्काम पाच-सहा आठवड्यांचा. त्यांची शाळा बुडवून राहिली असेल तर प्रकरण खरंच मोठं होतं.

एक ठोकताळा मात्र लक्षात ठेवा, आमच्या धंद्यात तो रोज उपयोगी पडतो. नातेवाइकाने "हो, अमक्याला असं झालं होतं" म्हटलं तर ते बहुतेक वेळा खरं निघतं. "कुणालाच काही नव्हतं" म्हटलं तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

शरीराच्या आजारांच्या बाबतीत तरी माणसाची स्मरणशक्ती चांगली असते का? माझं मत: आजाराचं नाव चांगलं आठवतं, कधी झाला ते वाईट आठवतं आणि किती दुखलं ते तर भलतंच आठवतं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि डॉक्टर डोनाल्ड रेडेलमायर यांनी १९९६ मध्ये एक अभ्यास छापला. आतड्याची दुर्बिणीने तपासणी चालू असताना दर मिनिटाला पेशंटला विचारायचं, आत्ता किती दुखतंय. नंतर विचारायचं, एकूण किती त्रास झाला. एकूण त्रासाची आठवण दोनच गोष्टींवर ठरत होती: सगळ्यात जास्त दुखलं तो क्षण आणि शेवटची काही मिनिटं. तपासणी चार मिनिटं चालली की तासभर, याचा जवळजवळ हिशोबच नव्हता. म्हणून "त्या वेळी फार त्रास झाला हो" या वाक्यावरून आजार किती दिवस चालला हे मी कधीही ठरवत नाही.

सरकारी सर्वेक्षणवाल्यांना हे सगळं माहीत असतं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात किरकोळ आजारपण गेल्या १५ दिवसांतलंच विचारतात आणि दवाखान्यात भरती झाल्याचं ३६५ दिवसांतलं. दिल्लीत अर्थतज्ज्ञ जिष्णू दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठवड्याला आणि महिन्याला विचारण्यातला फरक तपासला होता. महिन्याभराचं एकदम विचारलं की आजारपणांची संख्या घसरते हे अपेक्षितच होतं. लक्षात राहण्यासारखं हे की गरिबांच्या घरात ती जास्त घसरली. ज्याला रोजच काही ना काही दुखतंय तो कशाकशाची नोंद ठेवणार? अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये याच्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवलं होतं. लोकांच्या सांगण्यावर गेलं तर केरळ हे बिहारपेक्षा कितीतरी आजारी राज्य ठरतं, आणि आयुर्मान बघावं तर केरळ सगळ्यांच्या पुढे. शिकलेला, दवाखाना जवळ असलेला माणूस आजार ओळखतो आणि सांगतो. बाकीचे "चालायचंच" म्हणतात.

आणि जे कधी आजार म्हणून कळलंच नाही ते विसरलं असं तरी कसं म्हणायचं? गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली होती, तो अभ्यास १९८९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगविषयक काही ना काही आजार होता. त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या ८ टक्के. त्या गावांत नुसती प्रश्नावली घेऊन कुणी गेलं असतं, तर किती जणींनी "मला आजार आहे" म्हटलं असतं? तुमची आई आणि त्या बायका साधारण एकाच काळातल्या. अंग दुखतं, पांढरं जातं, मन लागत नाही, रडू येतं. हे सगळं "बाईच्या जातीला असायचंच" या एका खुंटीवर टांगलेलं.

मनाच्या आजाराला आणखी एक खोड आहे. तो नुसता विसरला जात नाही, आठवण रंगवूनही टाकतो. आमच्याकडे एक शिक्षिका येत असत. पहिल्या भेटीत म्हणाल्या, "डॉक्टर, मी लहानपणापासून अशीच. गेल्या वीस वर्षांत मी मनापासून हसलेलं मला आठवत नाही." मी ते शब्द जसेच्या तसे लिहून ठेवले. औषध लागू पडलं. चार महिन्यांनी त्यांना विचारलं, उन्हाळ्यात काय त्रास होत होता? "काही नाही हो, मध्ये जरा टेन्शन आलं होतं. बदलीचं चाललं होतं ना." दोन्ही वाक्यं एकाच फायलीत, समोरासमोरच्या पानांवर आहेत. दोन्ही वेळा बाई प्रामाणिकच होत्या. मन खाली असताना माणसाला खालचीच वर्षं सापडतात. वर आलं की जिना दिसेनासा होतो. म्हणून मी "आयुष्यभर असंच" आणि "एवढं काही नव्हतं" या दोन्हींतून थोडं थोडं वजा करून ऐकतो. नैराश्य मोजायला आम्ही वापरतो त्या पीएचक्यू-९ सारख्या प्रश्नावल्या गेल्या दोनच आठवड्यांचं विचारतात, तेही बरंच आहे. तीव्र आजारात शॉक, म्हणजे ईसीटी, दिले असतील तर त्या उपचारांच्या आगेमागेचे काही आठवडे आठवणीतून खरोखरच निसटू शकतात. ते कितीही खणलं तरी सापडतीलच असं नाही.

लपवणंही असतं, नाकारून चालणार नाही. सोयरीक जमायची असते, विम्याचा फॉर्म भरायचा असतो, घरात नवी सून आलेली असते. पण लपवणारा माणूस सहसा विषय बदलतो, चिडतो किंवा "तुम्हाला कुणी सांगितलं?" असं विचारतो. विसरलेला माणूस तुमच्याकडे गोंधळून बघतो. तुमच्या आईचा चेहरा तुम्ही पाहिलाय, मी नाही.

मग तिला विचारायचं कसं? "तुला तेव्हा डिप्रेशन होतं का?" असं मुळीच नको. एकतर तो शब्द तिचा नाही. दुसरं, सुचवलेली गोष्ट आठवण म्हणून रुजते. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९९५ मध्ये छापलेल्या प्रयोगात २४ जणांना घरच्यांच्या हवाल्याने "तू लहानपणी बाजारात हरवला होतास" अशी न घडलेली गोष्ट सांगितली. साधारण चौथ्या हिश्श्याला ती पूर्ण किंवा अर्धीमुर्धी "आठवली". तुम्ही तुमचं चित्र आधी आईसमोर मांडलंत, तर ती एकतर ते झिडकारेल किंवा उचलेल. दोन्हींत तिचं स्वतःचं हाती लागणार नाही.

काविळीपासून सुरू करा, ती तिच्या आवडीची गोष्ट आहे. कावीळ उतरल्यावर किती दिवसांनी कामाला लागलीस? मावशी का आली होती, कावीळ होती म्हणून की नंतर? कुणाचं लग्न तेव्हा होतं, तू गेली होतीस का? तेव्हा झोप कशी लागायची? जेवण जायचं का? पहाटे जाग येऊन पडून राहायचीस का? कुठल्या डॉक्टरांच्या गोळ्या होत्या, किंवा कुणाकडे नेलं होतं? हा शेवटचा प्रश्न जरा सैल सोडा, कारण उत्तर दवाखाना असेलच असं नाही. देवऋषी, दर्गा, नरसोबाची वाडी, काहीही असेल. कधी झालं हे विचारताना घरातली एखादी मोठी घटना धरा: आमच्याकडे सालं २००५ आणि २०१९ च्या पुरावर टांगलेली असतात, लातूर-धाराशिवकडे किल्लारीच्या भूकंपावर. तुमच्या घरात ती कशावर टांगलीत ते तुम्हीच शोधू शकाल. आणि ती "बस आता" म्हणाली की थांबा. तिचा इतिहास तिचा आहे, नातीच्या फायलीसाठी तो ओरबाडून काढायचा नाही.

डॉक्टरांना हे सगळं कशाला हवं असतं, तेही सांगतो, म्हणजे कुठे जोर द्यायचा ते कळेल. आजीला एकदा नैराश्य येऊन गेलं असलं तर त्याने नातीच्या उपचारात फारसा फरक पडत नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून नैराश्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण ३५-४० टक्के धरतात, आणि आजी तर एक पिढी लांब. फरक पडतो तो उलट्या टोकाच्या आजाराने. घरात कुणी असं होतं का, जे काही दिवस किंवा आठवडे दोन-तीन तास झोपूनही ताजंतवानं असायचं, अखंड बोलायचं, भरमसाट पैसे उधळायचं, भलत्या योजना आखायचं आणि मग एकदम कोसळायचं? एकोणिसाव्या वर्षी आलेलं पहिलं नैराश्य ही कधीकधी द्विध्रुवी आजाराची, म्हणजे बायपोलरची, सुरुवात असते. अशा वेळी नुसती नैराश्याची गोळी दिली तर मन उसळू शकतं. घरात असा इतिहास आहे हे कळलं तर डॉक्टर औषध वेगळ्या सावधपणे निवडतात. लोक हा काळ आजार म्हणून कधीच सांगत नाहीत. "काका फार हुशार होते, नंतर दारूने गेले" असं सांगतात. तसा कुणी काका, मामा असेल तर तो जरूर आठवा. कुणी आत्महत्या केली असेल तर तेही सांगा. "विहिरीत पाय घसरला" असं घरात बोललं जात असलं, तर त्याच शब्दांत सांगा, डॉक्टरांना कळतं.

मुलीच्या उपचारांचे कागद मात्र आजपासून एका फायलीत लावा, कॅरीबॅगेत नको. कुठली गोळी, किती मिलिग्रॅम, कधी सुरू, कधी बंद, कशाने फरक पडला. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे रुग्णाला स्वतःच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मागण्याचा हक्क आहे. तिला बरं वाटल्यावर ती म्हणणार आहे, मध्ये जरा टेन्शन आलं होतं. म्हणू दे.

आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना एक चिठ्ठी द्या. मी असतो तर मला एवढं पुरलं असतं: "आजी (आईची आई), साधारण १९८८-८९, वय ३१-३२. कावीळ, त्यानंतर काही आठवडे ते काही महिने अंथरुणावर, घरकाम बंद. हे मुलीच्या, म्हणजे माझ्या, वयाच्या आठव्या वर्षीच्या आठवणीवरून. उपचार माहीत नाहीत. आजीला मान्य नाही. मावशीला विचारायचं बाकी."